कंपनीच्या कानाचा लॅपटॉप

रणधीरची एक खोड गजराबाईला त्याच्या लग्नाच्या मांडवापासून सलत होती. हा माणूस वस्तू हातात ठेवायच्या आधी ती दिल्याचं गावभर सांगून मोकळा व्हायचा. या खेपेलाही तेच झालं. त्याची गाडी अजून जळकोटच्या पाटीला वळायची होती आणि गजराबाईच्या दारात बातमी येऊन बसली होती, की पुण्याचे जावई नातीसाठी लॅपटॉप घेऊन निघालेत. बातमी आणली नळदुर्गच्या ढाब्यावर दूध घालून परतलेल्या धुळाप्पानं. रणधीर तिथं चहाला थांबला होता. त्यानं ढाब्याच्या मालकाला सांगितलं, पोळ्या लाटणाऱ्या पोरांना सांगितलं, आणि हैदराबादकडं निघालेल्या एका ट्रकवाल्याला मराठी येत न्हवतं म्हणून त्याला हिंदीत सांगितलं.

गजराबाईनं धुळाप्पाच्या हातावर गूळ ठेवला आणि तो गेल्यावर नवऱ्याकडं, धोंडीबाकडं बघून म्हणाली, की आता हैदराबादेतबी आपण भिकारी म्हणून माहीत झालो. धोंडीबानं तंबाखू मळता मळता मान हलवली. त्या घरात त्याचं काम मान हलवायचं, आणि ते तो चोख करायचा.

जावयाच्या देण्याचा अनुभव घराला नवा न्हवता. ओसरीत भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्या तोंडावर कंपनीचं नाव आकड्यांपेक्षा मोठं. कोपऱ्यात चाकाची खुर्ची होती, ऑफिसातली, एक चाक गेलेली. धोंडीबा एकदा तिच्यावर ऐटीत बसला आणि खुर्ची त्याला घेऊन उतारानं थेट गोठ्याच्या दावणीशी जाऊन थांबली. तेव्हापासून ती खुर्ची कोंबड्यांची होती. पण प्रत्येक लग्नाबारशाला रणधीर चारचौघांत सांगायचा, की सासुरवाडीला फर्निचर आपणच दिलंय. गजराबाई ऐकून घ्यायची. लेक त्याच्या घरात नांदत होती. वर्षाराणीच्या तोंडाकडं बघून ती कितीतरी बोलणी गिळून बसली होती, आणि न बोललेलं बोलणं गजराबाईला पचत नसे, हे साऱ्या शिवाराला ठाऊक होतं.

या वेळी मात्र गोष्ट खुर्चीची न्हवती. गजराबाईच्या मुलाची, महारुद्राची लेक निकिता नळदुर्गच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. पुढच्या शिक्षणासाठी तिला एक परीक्षा द्यायची होती, आणि ती परीक्षा घरी बसूनच, कॅमेऱ्यापुढं द्यायची होती. त्यासाठी मशीनमध्ये परीक्षावाल्यांचंच एक सॉफ्टवेअर आधी टाकावं लागणार होतं. आजवर ती नळदुर्गला एका दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसायची, तिथं मागं उभी राहून पोरं पडद्यात डोकावायची. दुकानात परीक्षा चालणार न्हवती. पोरीला स्वतःचं मशीन हवं होतं, दिवस थोडे उरले होते, आणि महारुद्र मेंढरं घेऊन लांब परंड्याच्या अंगाला बसला होता. घरातलं ठरवणं गजराबाईकडं होतं. तसं तो घरात असला तरी ते तिच्याकडंच असायचं.

रणधीर आला तो चपला काढायच्या आधीच विचारत आला, मामी, मटणाचा वास वेशीपर्यंत आलाय, तिखट हात आखडून टाकू नका म्हणावं. आत निकिताची आई शिवकन्या चुलीपाशी होती, तिनं पदर सावरला. मागून वर्षाराणी पिशव्या सांभाळत आली आणि आईच्या पाया पडून भिंतीला टेकली. गजराबाईनं लेकीचं तोंड पाहिलं. बारीक झाली होती, आणि नवरा बोलायला लागला की तिची नजर जमिनीकडं जात होती. ही सवय लेकीला माहेरात न्हवती.

खोकं ओसरीत आलं. त्यातनं काळं, चौकोनी, जड मशीन निघालं. रणधीरनं ते सतरंजीवर ठेवलं आणि उभ्या उभ्या त्याचं कौतुक सुरू केलं. हा बाजारातला पोरासोरांचा लॅपटॉप न्हवे, हा बिझनेसचा. मोठमोठ्या साहेबांच्या हाताखालचा. दुकानात नवा घ्यायला गेलं तर महारुद्राचा अर्धा कळप विकायला उभा करावा लागेल. कंपनी जुनी मशीनं काढते तेव्हा आपल्या माणसांना सवलतीत देते, आणि त्यातही ओळख लागते, ती त्याची होती. पडलं तरी फुटत नाही, पाणी सांडलं तरी मरत नाही. हे सांगताना त्यानं खरंच तांब्या उचलला होता, पण सांडला नाही.

निकिता मशीनपुढं मांडी घालून बसली. आत्याचा नवरा म्हणून ती रणधीरला मामा म्हणायची, आणि त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. तिनं बटणांवर बोटं फिरवली. बटणं चांगली होती, खोल, ठामपणे दबणारी. दुकानातल्या कॉम्प्युटरवर अर्धी अक्षरं तिला दोनदा मारावी लागायची. अंगणातल्या उजेडात पडदा मळका दिसत होता, म्हणून तिनं मशीन आतल्या अंगाला फिरवलं. कॅमेऱ्यावर एक छोटी सरकती झापडी होती, ती तिनं उघडून बघितली, मिटून बघितली. जड होतं, पिशवीत घेऊन एसटीत चढायला खांदा उतरला असता. तरी तिच्या तोंडावर एक हावरेपणा आला होता, लहानपणी ताज्या खरवसाच्या भांड्यापुढं यायचा तसा, आणि गजराबाईनं तो पाहिला.

गजराबाईनंही मशीन बघून घेतलं. तिला त्यातलं काही कळत न्हवतं, हे तिला कबूल होतं, दुसऱ्या कुणी म्हणालं तर कबूल नसतं. दुसरीत असताना तिच्या बापानं तिला शाळेतनं काढून कोकरांमागं धाडलं होतं. पण विकत घ्यायची वस्तू बघायची एक रीत तिच्या हातात होती. तिनं ते उचललं, वजन जोखलं, उलटं करून पोट बघितलं, वारा जायच्या फटींवरनं तळहात फिरवला. कडा झिजल्या होत्या, बिजागरी घट्ट होती. सांभाळलेलं जनावर दिसत होतं. तिनं रणधीरला विचारलं, की ह्येचं घेणार काय.

रणधीरनं जिभेला चावा घेतल्यासारखं केलं. घरच्या माणसांत पैशाची भाषा कसली. पैसा नकोच. त्याच्या साहेबाच्या शेतघरावर पार्टी होती, आणि साहेबाला गावरान बोकड खायचा नाद. तेव्हा भुरक्या द्यावा, एवढंच.

भुरक्याचं नाव निघालं तशी वर्षाराणीनं मान वर केली आणि परत खाली घातली. चुलीवरची पळी थांबली. धोंडीबाचा तंबाखू मळायचा अंगठासुद्धा जागच्या जागी राहिला.

भुरक्या बोकड न्हवता, एडका होता, मेंढ्यांचा पैदाशीचा नर. कळपातला एडका आणि कापायचा बोकड यातला फरक ज्याला कळत नाही त्याला धनगराच्या घरानं पोरगी कशी दिली, हा प्रश्न गजराबाईनं त्या क्षणी स्वतःला विचारला. भुरक्याच्या आईला दूध उतरलं न्हवतं, म्हणून गजराबाईनं त्याला बोटानं दूध पाजून जगवला होता. वळलेली शिंगं, रुंद छाती, आणि त्याच्या वंशाची कोकरं आजूबाजूच्या तीन गावांत ओळखू यायची. आता पाय लचकला म्हणून तो परंड्याला न जाता अंगणात बांधलेला होता. नळदुर्गच्या पलीकडचा ईरण्णा गेल्या दिवाळीपासून त्याच्यामागं होता, कळपाला पाहिजे म्हणून. तो रोख पैसे घेऊन दोनदा दारात आला आणि गजराबाईनं त्याला दोनदा ताक पाजून लावून दिला. आणि हा जावई तो साहेबाच्या ताटासाठी मागत होता, तिखट हात न आखडता.

तिच्या जिभेवर जे आलं ते तिनं परत खाली ढकललं. समोर निकिता बसली होती. पोरगी एडका द्या म्हणत न्हवती, नको म्हणत न्हवती. फक्त तिचा तळहात मशीनच्या झाकणावर होता आणि ती तो तिथनं उचलत न्हवती. गजराबाईनं तिला एकच विचारलं, की तुझ्या परीक्षंला ह्ये चालंल का. निकिता म्हणाली, चालंल आज्जी, सॉफ्टवेअर बसलं म्हंजे झालं.

गजराबाईनं अंगणाकडं बघितलं. भुरक्या लिंबाखाली रवंथ करत होता. मग तिनं पदर खोचला, उठली, कोनाड्यातली लोकर कातरायची कातर घेतली आणि म्हणाली, की ठीक हाय, सौदा झाला, आता कान धरा.

रणधीरला कळेना. कान कुणाचा धरायचा.

हे त्याला माहीत असायला हवं होतं. गजराबाईच्या घराण्यात प्रत्येक मेंढराच्या उजव्या कानाला खाच असते, हे मेंढरू कोणाचं ते सांगणारी. बाहेरनं जनावर विकत घेतलं तर त्याच्या एका कानाला आधीच्या मालकाची खाच असते. मग विकणाऱ्यानं स्वतःच्या हातानं त्याचा दुसरा कान धरायचा आणि घेणाऱ्यानं त्यावर आपली खाच पाडायची. विकणाऱ्यानं कान धरला, म्हणजे जनावरावरचा हक्क सुटला. पैसे दिले, पाणी पाजलं, चारा टाकला, तरी कान धरेपर्यंत ते जनावर परक्याचंच. भुरक्या द्यायचा तर त्याचा कान गजराबाई धरणार होती. मग मशीनचा कान रणधीरनं धरायचा, यात तिला चुकीचं काहीच दिसत न्हवतं.

आणि मशीनला कान होता. उलटं करताना तिनं बघितलाच होता. पोटाच्या एका कोपऱ्यात चंदेरी पट्टी चिकटवलेली होती, काळ्या बारीक रेघांची, त्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे. भिंतीवरच्या घड्याळाच्या तोंडावरची अक्षरं आणि पट्टीवरची अक्षरं एकच आहेत, एवढं तिला वाचता येत नसलं तरी दिसत होतं. मालकाची खूण. ती निघाली, त्या जागी निकिताचं नाव लागलं, की मशीन घरचं.

रणधीर हसला. पुण्याला मित्रांना सांगायला किस्सा मिळाला, असं ते हसणं होतं. मामी, ते तसंच राहू द्या, म्हणाला, त्याचं काही नसतं. गजराबाई म्हणाली, की काही नसतं तर निघू द्या. तो म्हणाला, नको. ती म्हणाली, का. तो पुन्हा हसला आणि शिवकन्येला आतमध्ये विचारू लागला, की वहिनी, जेवणाला किती अवकाश.

दरम्यान निकितानं मोबाईलचं नेट जोडून मशीन सुरू केलं होतं. पडदा उजळला, त्यावरही कंपनीचंच नाव आलं, मग रणधीरनं वाकून, अंगानं बटणं झाकून, काहीतरी टाईप केलं आणि मशीन उघडलं. निकितानं परीक्षेचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि बसवायला लावलं. पडद्यावर एक चौकट आली. तिनं ती दोनदा वाचली. चौकट परवानगी मागत होती, पासवर्ड मागत होती. तिनं मामाकडं बघितलं.

रणधीर म्हणाला, की त्याची काळजी नको, ते सगळं त्याच्याकडं राहील. काही टाकायचं असलं की फोन करायचा, तो तिकडनं बघून देईल, आणि तेही त्याला योग्य वाटलं तर. पोरींच्या हातात मोकळं मशीन देणं बरं न्हवे. बिझनेसच्या मशीनवर कामच व्हावं, फालतू काही नको. आणि परीक्षेचं काय, ती बघू, इतकं शिकून तरी करायचंय काय, त्याच्या चुलतभावाशी तिच्या लग्नाचा शब्द त्यानं टाकून ठेवलाच होता.

हे शेवटचं तो अगदी सहज बोलला, तांब्यातलं पाणी पिता पिता. वर्षाराणी उभी राहिली आणि कशाला उभी राहिली ते आठवेना म्हणून परत बसली. निकितानं झाकणावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

गजराबाई खाली वाकली. तिनं मशीन मिटवलं, उलटं केलं, आणि कातरीचं टोक त्या चंदेरी पट्टीखाली घातलं. लोकर कातरणारा हात तो, एका झटक्यात पट्टी उचकटली. पण ती साधी पट्टी न्हवती. अर्धी हातात आली आणि अर्धी मशीनच्या अंगाला चिकटून राहिली, आणि जिथनं निघाली तिथं पांढऱ्या ठिपक्यांची नवीच जाळी उमटली, पुसली तरी न जाणारी. गजराबाईनं अंगठ्यानं घासून बघितलं. आपल्या हातनं काहीतरी वेगळं झालंय हे तिला समजलं, आणि तिनं ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

रणधीरच्या हातातला तांब्या सांडला. या वेळी खरंच.

त्यानं मशीन हिसकावून घेतलं. "काय केलं हे अडाणी बाईनं," तो ओरडला. "ही पट्टी गेली तर साहेब सही कसा करंल? अजून सही व्हायचीय त्याची. हे परत दाखवायचंय ऑफिसात."

मटण आत रटरटत होतं. अडाणी हा शब्द त्या घरात गजराबाईला तोंडावर आजवर कोणी म्हटला न्हवता. सासूनं न्हवता म्हटला, मेंढरं अडवणाऱ्या फॉरेस्टवाल्यानं न्हवता म्हटला. धोंडीबानं तंबाखू टाकून दिली. आणि वर्षाराणी उठली, खाली न बघता सरळ चालत येऊन आईच्या शेजारी उभी राहिली. नवऱ्याच्या बाजूला पिशव्या तशाच पडल्या.

गजराबाईचा आवाज चढला नाही. आवाज चढवून बोलते तेव्हा ती निम्मी खोटी चिडलेली असते, हे घरातल्यांना माहीत होतं. खाली उतरला की पळायचं असतं. तिनं खालच्या आवाजात, एकेक करून विचारलं. म्हणजे मशीन अजून कंपनीचंच. रणधीर म्हणाला, व्हय. सायबानं अजून सोडलेलं न्हाय. न्हाय, पण सोडणारच आहे. कधी सोडणार. पार्टी झाल्यावर. पार्टीत खायचं काय. तेवढ्यात अंगणात भुरक्या खाकरला.

मग निकिता बोलली, तो आल्यापासून पहिल्यांदा मामाकडं सरळ बघून. म्हणाली, मामा, मशीन चांगलंय, पण त्यात माझं काहीच चालत न्हाय. उद्या तुमच्या ऑफिसनं तिकडनं बंद केलं तर परीक्षेच्या मधीच बंद पडंल. रणधीर म्हणाला, की असं काही होत नसतं. निकिता म्हणाली, चौकटीत तसंच लिहिलंय. त्यावर त्यानं तिला वाचता येतंय याचाच राग आल्यासारखं बघितलं.

गजराबाईनं हातातली अर्धी पट्टी त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं स्वतः मिटवली, देवाचा अंगारा द्यावा तशी. कातर कोनाड्यात गेली. पदर डोक्यावर आला. ओसरीच्या मधोमध उभी राहून ती जावयाशी बोलली, आणि बोलली ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मानानं, अहो-जाहोनं, कारण त्यात तिला कुणी नाव ठेवू नये असं तिला वाटत होतं.

"पाव्हणं, ऐका आता. मशीन चांगलं हाय, त्येला म्या नाव ठेवत न्हाय. पर त्येचा कान तुमच्या सायबाच्या हातात, किल्ली तुमच्या खिशात, आन् माझ्या निकीनं बसायचं फोन लावत. असलं परक्या खुणंचं जितराब आमी दावणीला बांधत न्हाय. पट्टी माझ्या हातनं फाटली, ती माझी चूक, तुमच्या सायबाला माझं नाव सांगा, म्या भिऊन न्हाय. भुरक्या उद्याच्याला ईरण्णाच्या कळपात जाईल, त्येचा कान म्या सवता धरीन, आन् त्या पैशात सोलापुरातनं निकीच्या नावाचं मशीन येईल, बारकं आलं तरी चालंल. परीक्षा ती देणार, तुमच्या चुलतभावाला दुसरीकडं बघाया सांगा. वर्षा आठ दिस हितं ऱ्हाईल, तिला न्यायला याल तवा हात हलवत या, लई चांगलं वाटंल मला. आता पाय धुवा, जेवून जावा, लेकीच्या नवऱ्याला म्या उपाशी लावत न्हाय. मटण शिजलंय, ते माझ्या घरचं हाय, त्येला कुणाची सही लागत न्हाय. पर तुमच्या ताटात पिठलं हाय."